विश्लेषण : कडक ऊन संकट की साधन? वाळवणापासून सौरविजेपर्यंत उन्हाचे गणित नेमके कसे चालते?

एप्रिल उजाडला की मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश एकाच वेळी येऊ लागतात. पहिला हवामान विभागाचा इशारा : उष्णतेची लाट आहे, दुपारी १२ ते ३ या वेळेत घराबाहेर पडणे टाळा. दुसरा घरच्या ग्रुपवर : ‘ऊन मस्त तापलंय, उद्या पहाटेच कुरडया घालून घेऊ.’ ऊन एकच, पण एका संदेशात ते धोका ठरते आणि दुसऱ्यात वर्षभराची बेगमी. पापड-कुरडया, बेदाणा, हळद, आमसूल, सुकी मासळी, मीठ आणि आता छतावरची वीज असे बरेच काही महाराष्ट्रात या उन्हावर उभे आहे. हे ऊन नेमके कोणते काम करते, त्याचा फायदा कोणाला मिळतो आणि अलीकडे हे गणित का बिघडू लागले आहे, याविषयी…

उन्हात वाळवलेला पदार्थ टिकतो कसा?

अन्न खराब होते ते मुख्यतः जिवाणू आणि बुरशीमुळे. त्यांना वाढायला पाणी लागते. मात्र पदार्थात एकूण पाणी किती आहे, यापेक्षा त्यातील किती पाणी जंतूंना वापरता येण्याजोगे आहे, हे महत्त्वाचे. अन्नशास्त्रात ते शून्य ते एक या मापात मोजतात. शुद्ध पाण्यासाठी हा आकडा एक असतो. बहुतेक जिवाणूंची वाढ तो ०.९ च्या खाली आला की थांबते, बहुतेक बुरशी ०.७ च्या खाली टिकत नाहीत आणि ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. कडकडीत वाळलेली कुरडई हवाबंद डब्यात वर्षभर टिकते, ती यामुळेच.

मीठ आणि साखरही हेच काम करतात. त्या पाण्याला धरून ठेवतात आणि जंतूंच्या वाट्याला ते येऊ देत नाहीत. म्हणून सांडगी मिरचीत मीठ भरपूर असते, तर बरणीत साखर घालून उन्हात ठेवलेला साखरांबा चुलीवर न चढवताही मुरतो. वाळवण ही अशा रीतीने विजेशिवाय चालणारी साठवणूक व्यवस्था आहे. फ्रिज पदार्थ थंड ठेवून जंतूंची वाढ मंदावतो, ऊन त्यांचे पाणीच तोडते.

ऊन महत्त्वाचे की कोरडी हवा?

दोन्ही. पण अनेकदा हवेचा कोरडेपणा जास्त महत्त्वाचा ठरतो. ४० अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ५१ ग्रॅम बाष्प सामावू शकते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्के असेल, तर त्या हवेत आधीच सुमारे १० ग्रॅम बाष्प असते आणि आणखी ४० ग्रॅमसाठी जागा रिकामी असते. मुंबईत त्याच दुपारी तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर हवेची क्षमता सुमारे ३५ ग्रॅम आणि त्यातले २५ ग्रॅम आधीच भरलेले. जागा उरते जेमतेम १० ग्रॅमची. म्हणजे ढोबळमानाने बोलायचे तर नागपूरची हवा मुंबईच्या हवेच्या चौपट पाणी शोषायला तयार असते. एका दिवसात खडखडीत वाळणारी पापडी मुंबईच्या गॅलरीत तीन दिवस मऊच का राहते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

उन्हाळा सुसह्य करणाऱ्या गोष्टींमागेही हाच नियम आहे. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर विदर्भात घर थंड करतात, पण किनारपट्टीवर तोच कूलर खोली दमट करून ठेवतो. आपल्या शरीरावरचा घामही असाच काम करतो. माठ, कूलर, घाम आणि कुरडई या चारही गोष्टी एकाच नियमावर चालतात, हे लक्षात ठेवले की पुढचे बरेचसे कोडे सुटते.

या उन्हाची किंमत काढायची तर?

उन्हाला बिल येत नाही, म्हणून त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडून पाहू. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असते. १० किलो बटाट्यांचा कीस वाळवायचा तर सुमारे आठ किलो पाणी उडवावे लागते. उन्हाळ्याच्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट ऊर्जा लागते. म्हणजे १० किलो बटाट्यांसाठी सव्वापाच युनिटपेक्षा जास्त. यंत्रात बरीच उष्णता वाया जाते, त्यामुळे विजेवर वाळवताना प्रत्यक्ष खर्च याहून मोठा असतो.

दुसरीकडे, स्वच्छ आकाश असताना भर दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॉट इतकी सौरऊर्जा पोहोचते. दिवसभराची बेरीज आपल्याकडे साधारण पाच ते सहा युनिट होते. १० चौरस मीटरची, म्हणजे एखाद्या खोलीएवढी गच्ची दिवसाला ५० ते ६० युनिट ऊर्जा फुकट घेते. त्यातला दहावा हिस्सा जरी कामी आला, तरी १० किलो बटाट्यांचा कीस वाळवण्याइतकी ऊर्जा मिळते.

मिठाचे उदाहरण याहून बोलके आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एक किलो मिठासाठी ३० लिटरहून अधिक पाणी उडवावे लागते. हे विजेवर करायचे ठरवले, तर किलोमागे २० युनिट सहज लागतील आणि मीठ ही चैनीची वस्तू होऊन बसेल. मीठ स्वस्त आहे, कारण त्याचे इंधनाचे बिल सूर्य भरतो.

वाळवणाची कामे पहाटेच का होतात?

वाळवणाच्या जुन्या वेळापत्रकात एक शहाणपण आहे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून ठेवायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढण्याआधी सोऱ्यातून कुरडया घालून मोकळे व्हायचे. आठ-नऊ वाजेपर्यंत बायका घरात परततात आणि पुढचे काम ऊन करते. संध्याकाळी हवा थंड होऊन आर्द्रता वाढू लागली की सगळे पुन्हा घरात घ्यायचे, कारण वाळलेला पदार्थ रात्रीच्या हवेतला ओलावा परत ओढून घेतो.

कोणत्या पदार्थाला किती ऊन द्यायचे, याचेही ठोकताळे आहेत. कुरडई आणि साबुदाण्याच्या पापड्यांना कडक ऊन चालते. उडदाचे पापड मात्र सावलीत किंवा कोवळ्या उन्हात वाळवतात. ते थेट रणरणत्या उन्हात टाकले, तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि पापडाला तडे जातात. खाद्यप्रक्रिया उद्योगातही वाळवण्याचा वेग म्हणूनच नियंत्रित ठेवतात.

प्रदेशानुसार पदार्थ बदलतात. खानदेशात ज्वारीचे बिबडे, नाशिककडे नागलीचे पापड, विदर्भात सरगुंडे आणि मूगवड्या, कोकणात पोह्यांचे पापड, फणसपोळी आणि आंबापोळी. या कामात मजाही आहे. वाटीभर गरम चीक, तेलात बुडवलेल्या उडदाच्या लाट्या, अर्धवट वाळलेल्या पापड्या आणि कावळे हाकलायला काठी घेऊन बसवलेली सुटीतली मुले, हे चित्र अजूनही अनेक गावांत दिसते. शेजारणी आळीपाळीने एकमेकींच्या घरी लाटायला जातात, त्यामुळे मजुरी न देता मोठे काम उरकते. मात्र या श्रमाला कुठल्याच हिशेबात जागा नसते, हेही खरे.

गच्चीवरून उद्योग कसा उभा राहिला?

या घरगुती कामाचा उद्योग होऊ शकतो, हे सर्वात ठळकपणे दाखवले ते लिज्जत पापडने. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिला एकत्र आल्या. ८० रुपये उसने घेऊन त्यांनी पापड लाटले. पहिल्या दिवशी तयार झाली ती चार पाकिटे.

या कहाणीतला कमी सांगितला जाणारा भाग उन्हाचा आहे. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यावर तोडगा निघाला : खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. मार्चमध्ये सुरू झालेला गच्चीवरचा गृहउद्योग बारमाही झाला तो या साध्या उपायामुळे. ऊन फुकट असते, पण त्याच्यावर बाराही महिने विसंबता येत नाही, हा धडा या महिलांनी ६५ वर्षांपूर्वीच घेतला होता.

बेदाणा आणि हळदीचे काय?

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ आणि सोलापुरातील पंढरपूर या पट्ट्यात उन्हाळा म्हणजे बेदाण्याचा हंगाम. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बेदाणा शेड भरलेल्या असतात. द्राक्षे आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतले पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग जाळीच्या रॅकवर ती साधारण दोन आठवडे वाळतात. चार किलो द्राक्षांतून सुमारे एक किलो बेदाणा मिळतो.

इथेही थेट ऊन नको असते. हिरवट-पिवळा रंग टिकवायचा तर सावली हवी. लागतो तो गरम, कोरडा वारा. अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा नेमक्या याच हवेमुळे बेदाण्यासाठी सोयीचा ठरला. ज्या कोरडेपणाने शेतकऱ्याला पाण्यासाठी वणवण करायला लावले, त्यातूनच त्याने पैसा देणारा माल काढला. ‘सांगलीचा बेदाणा’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सांगलीच्या हळदीलाही २०१८ मध्ये मानांकन मिळाले आहे. हळदीचे कंद आधी शिजवतात, नंतर खळ्यावर दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि मग पॉलिश करतात. या काळात एक जोरदार सर आली तरी रंग आणि दर दोन्ही घसरतात.

दमट किनारपट्टीवर वाळवण कसे जमते?

कोकणात हवा दमट असली, तरी समुद्रावरून येणारा वारा आणि प्रखर ऊन ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात. ताज्या बोंबलात जवळपास ९० टक्के पाणी असते. तो जमिनीवर पसरला तर सडेल, म्हणून कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडीवर बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीने टांगतात. चारही बाजूंनी वारा लागतो आणि पाणी झपाट्याने उडते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एप्रिल-मेमध्ये वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे हीच त्या काळातली चव आणि अनेक कोळणींची कमाई असते.

रातांबेही एप्रिल-मेमध्येच पिकतात. त्यांच्या साली त्याच फळाच्या रसाची पुटे देत पुन्हा पुन्हा उन्हात वाळवल्या की आमसूल तयार होते. सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी काही दिवस उन्हात ठेवली की सरबताचा अर्क. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे. अडचण एवढीच, की रातांब्याचा शेवटचा तोडा आणि पावसाची चाहूल यांच्यात फार अंतर नसते.

मिठागरांत भरतीचे पाणी उथळ वाफ्यांतून टप्प्याटप्प्याने पुढे नेतात. ते आटून जवळपास दहाव्या हिश्शावर आले की मिठाचे दाणे धरू लागतात. उरण, पेण, वसई-पालघर आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या हे काम चालत आले. ‘आगरी’ या समाजनामातही मिठाचे आगर आहे, असे मानले जाते. मुंबईतील मिठागरांच्या जमिनींवर मात्र आता बांधकामांची नजर आहे.

अवकाळी पावसाने नेमके काय बिघडते?

मार्च ते मे या काळात जमीन तापते, हवा वर जाते आणि तिला बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून आर्द्रता मिळाली की दुपारनंतर ढग जमून वादळी सर येते. उत्तरेकडून येणारे पश्चिमी झंझावातही यात भर घालतात. वळीव नवा नाही. पण तापलेली हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे सरी आल्या तर त्या अधिक जोरदार असण्याची शक्यता वाढते.

अलीकडच्या काही घटना पाहा. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्यात मोठी गारपीट झाली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ ऐन मासळी वाळवण्याच्या हंगामात कोकण किनाऱ्यालगत सरकले. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधीही मे महिन्यात राज्यभर पावसाळी वातावरण होते. ज्यांचे आमसूल, मासळी किंवा वाळवण मे अखेरसाठी राखून ठेवलेले होते, त्यांच्या हातातून हंगामाचे दोन महत्त्वाचे आठवडे निघून गेले.

पाऊस पडलाच पाहिजे असेही नाही. दोन दिवस ढगाळ राहिले तरी अर्धवट वाळलेल्या पदार्थावर बुरशी धरते. बेदाणा काळा पडतो, मासळीत किडे होतात, वीटभट्टीवरच्या कच्च्या विटांची पुन्हा माती होते. उभ्या पिकाच्या नुकसानीचे पंचनामे होतात. अंगणात वाळत घातलेल्या मालाला मात्र सहसा कोणत्याच पीक विम्याचे संरक्षण नसते. बचत गटातील एखाद्या महिलेने कर्ज काढून घेतलेला पन्नास किलो गहू चिकाच्या टप्प्यावर आंबून गेला, तर तो तोटा तिचा एकटीचा.

शहरात ऊन आहे, पण गच्ची कुठे आहे?

उन्हाचा उपयोग करायला ऊन पडणारी जागा लागते. वाड्यांना अंगण होते, चाळींना सामायिक गच्ची होती. उंच इमारतींत गच्चीला कुलूप असते, तिथे पाण्याच्या टाक्या आणि अँटेना असतात आणि बाल्कनीत दिवसातून दोन तास ऊन येते. परिणामी शहरातली मागणी तयार वाळवणाकडे वळली. ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत ग्रामीण बचत गटांच्या पापड-कुरडयांना जी गर्दी होते, तिचे एक कारण हे आहे. शहराने घालवलेले ऊन आता ते गावाकडून पाकिटातून विकत घेते.

यात संधी आहे. २०२० पासून केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत लहान उद्योगांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बचत गटांच्या सदस्यांना प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. उघड्यावरच्या वाळवणाला धूळ, माश्या आणि पावसाचा धोका असतो. त्यावर सोलर ड्रायर हा उपाय आहे. काच किंवा पारदर्शक आवरणाखालच्या पेटीत हवा तापते, पदार्थ बंदिस्त राहतो आणि सर आली तरी भिजत नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ‘एस फॉर एस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी महाराष्ट्रात महिला शेतकऱ्यांना अशी यंत्रे पुरवून त्यांच्याकडून वाळवलेला भाजीपाला विकत घेते. २०२३ मध्ये तिला ‘अर्थशॉट’ पुरस्कार मिळाला. गिरगावातल्या खाट-स्टोव्हचा हा नवा अवतार म्हणता येईल.

छतावरची वीज म्हणजे नवे वाळवण?

शिर्डीच्या साई संस्थानने २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर प्रसादालयाचा स्वयंपाक सुरू केला, तेव्हा मोठ्या प्रमाणावर सौर उष्णता वापरण्याचे ते गाजलेले उदाहरण ठरले. आता भर उष्णतेपेक्षा विजेवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून अधिकला ७८ हजार रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये मिळतात. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. तीन किलोवॉटमध्ये महिन्याला ३५० युनिटच्या आसपास.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पॅनेलला ऊन हवे, उष्णता नको. त्यांची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के या हिशेबाने निर्मिती १२ ते १४ टक्क्यांनी घटते. त्यामुळे स्वच्छ आकाशाचा, पण तुलनेने कमी तापलेला मार्च महिना पॅनेलसाठी अनेकदा मेपेक्षा चांगला ठरतो. पॅनेलखालून वारा खेळेल इतकी उंची ठेवली, तर हे नुकसान कमी होते आणि खाली सावलीही मिळते.

अट मात्र जुनीच आहे. गच्ची असेल त्याला अनुदान, गच्ची असेल त्याचे बिल शून्य. भाड्याच्या खोलीत पत्र्याखाली राहणाऱ्याच्या वाट्याला त्याच उन्हाची फक्त उष्णता येते.

मग हे ऊन सोसते कोण?

हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानतात. किनारपट्टीवर हा उंबरठा ३७ अंशांचा आहे. तापमान ४५ अंशांवर गेले, तर मैदानी भागात सरासरी न पाहताही लाट जाहीर करता येते. किनाऱ्यासाठी आकडा कमी का, याचे एक उत्तर माठाच्या नियमात आहे. दमट हवेत घाम उडत नाही आणि शरीर थंड होत नाही. हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असताना ३५ अंश तापमान ही मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा समजली जाते. प्रत्यक्षात धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो.

एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे खुल्या मैदानात भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने दहाहून अधिक जणांचा जीव गेला. ते तर काही तास बसून होते. बांधकाम, वीटभट्टी, मिठागर, शेती आणि रस्त्यांची कामे करणारे अशा उन्हात दिवसभर राबतात. वाळवणाला सर्वात चांगले ऊन मिळते ते सकाळी ११ ते दुपारी ४. घराबाहेर पडू नका, असा सल्ला असतो तो नेमका याच वेळेत.

घरच्या वाळवणात हा पेच पहाटेच्या वेळापत्रकाने सोडवला होता. माणूस सावलीत जातो, ऊन काम करत राहते. मजुरीच्या कामात ती मुभा नसते. वीटभट्टीवर पैसे हजार विटांमागे मिळतात, वर उचल फेडायची असते. दुपारी तीन तास सावलीत बसणे म्हणजे तेवढी मजुरी सोडणे. उन्हाचा फायदा आणि उन्हाचा त्रास यांतली रेषा तापमानाच्या आकड्यावर जितकी ठरते, तितकीच ती सावलीत परतण्याची परवानगी कोणाला आहे, यावरही ठरते.

पुढे काय?

अहमदाबादने २०१० च्या भीषण उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. कामाच्या वेळा बदलणे, सावली आणि पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी ही त्यातली मुख्य कलमे आहेत. मात्र हजेरी किंवा नगावर मजुरी घेणाऱ्याची दुपारची सुट्टी बिनपगारी असेल, तर वेळ बदलण्याचा सल्ला कागदावरच राहतो. सुट्टीच्या तासांची भरपाई कोण देणार, हा प्रश्न सोडवल्याशिवाय आराखडे त्या कामगारापर्यंत पोहोचणार नाहीत.

उन्हावर कमावणाऱ्यांसाठी तीन गोष्टी लगेच शक्य आहेत. पहिली, हवामान विभागाच्या पाच दिवसांच्या अंदाजात पावसाइतकेच आर्द्रतेकडे पाहणे. शेतीविषयक सल्ला ‘मेघदूत’ अॅपवर आणि विजांचा इशारा ‘दामिनी’ अॅपवर मिळतो. चीक भिजत घालण्याआधी पुढचे चार दिवस पाहिले, तर नासाडी टळू शकते. दुसरी, गावपातळीवर बचत गटांसाठी सामायिक सोलर ड्रायर. प्रत्येकीने वेगळे यंत्र घेण्यापेक्षा ते परवडते. तिसरी, शहरांतील सोसायट्यांनी गच्चीचे कुलूप काढून पॅनेल आणि वाळवण या दोन्हींना जागा देणे.

उन्हाळा दरवर्षी अधिक कडक होत जाईल, असेच अंदाज आहेत. मात्र ऊन वाढले म्हणून वाळवण सोपे होईल असे नाही, कारण त्याला लागतो तो कोरडेपणा आणि भरवशाचे चार-पाच दिवस. आकाशातून येणारी ऊर्जा पूर्वीइतकीच आहे. कमी होत चालला आहे तो भरवसा. त्यामुळे यापुढे घरच्या ग्रुपवर ‘उद्या कुरडया घालू’ असा संदेश आला, तर उत्तर देण्याआधी हवामानाचा अंदाज एकदा जरूर पाहा. आणि दुपारी बारानंतर गच्चीवर कुरडयांना राहू द्या, तुम्ही घरात या.